ही चिमणी आपल्याला चालते का?

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना येते. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा करावा, फोटो आणि अहवाल पाठवावा. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अली यांचा. या दोन तारखा जोडून राज्य सरकारनं २०२० पासून हा सप्ताह सुरू केला. बऱ्याचदा तो सुट्टीतच येतो. मग शाळा उघडल्यावर आम्ही तो उरकतो. मुलं मोराचं चित्र काढतात, एक शिक्षक भाषण करतात, फोटो निघतो, अहवाल जातो.

पिंपरी-चिंचवडमधल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, चिखलीकडच्या भंगाराच्या धंद्यात किंवा चाकणच्या कंपन्यांत ठेक्यावर काम करतात. एका वर्षी भाषणाऐवजी मी सातवीच्या मुलांना सरळ प्रश्न विचारला, आपल्या भागात कोणते रानटी प्राणी-पक्षी राहतात? पहिलं उत्तर आलं, "बिबट्या!" मार्च २०२४ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला होता, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले होते. दुसरं उत्तर आलं, "पेंग्विन", कारण कुणीतरी मुंबईची राणीची बाग पाहून आलं होतं. त्यानंतर कावळा, कबुतर, चिमणी. आणि मग शांतता.

मी म्हटलं, हुदहुद माहीत आहे का? सगळे हात वर झाले. मकतबमध्ये जाणाऱ्या प्रत्येक मुलाला हजरत सुलैमान आणि सबाच्या राणीची बातमी आणणारा हुदहुद ठाऊक असतो. पण एक मुलगी म्हणाली, "मिस, वो तो अरब में होता ना?" मोबाइलवर फोटो दाखवला. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, लांब वाकडी चोच, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, "ये तो हमारे घर के पीछे कंपनी के मैदान में आता!" मराठीतही त्याला हुदहुद म्हणतात. कुरआनातला पक्षी आपल्याच मैदानात किडे टिपतो आहे आणि आपण त्याला अरबस्तानात ठेवून मोकळे झालो आहोत, याचं मुलांना फार नवल वाटलं. मला मात्र त्या क्षणी एक जुनी गोष्ट आठवली आणि ओशाळल्यासारखं झालं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत एक मुलगा माझ्याकडे आला होता. हातात गलोल, खिशात एक मेलेला पक्षी. शाळेमागच्या माळावर त्यानं तो टिपला होता. त्यानं पक्षी माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "मिस, ये खाने को चलता क्या?" मी किंचाळलेच. त्याला दोन शब्द सुनावले, गलोल काढून घेतली, पक्षी बाहेर टाकायला लावला आणि हात साबणानं धुऊन यायला सांगितलं. शिक्षिकेनं जे करायला हवं ते केलं, असं मला वाटलं. पुढे काही वर्षांनी सलीम अलींचं आत्मचरित्र वाचनात आलं आणि सुरुवातीच्या पानांतच तोच मुलगा, तोच पक्षी आणि तोच प्रश्न भेटला. फरक एवढाच की, तिथं मोठ्या माणसांनी वेगळं उत्तर दिलं होतं.

खेतवाडीतला मुलगा

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. सुलेमानी बोहरा कुटुंब, भावंडांतलं शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना गिरगावातल्या खेतवाडीच्या घरात वाढवलं. १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले.

त्या घरात शिकार ही नेहमीची गोष्ट होती. छोट्या सलीमला छर्ऱ्याची बंदूक मिळाली होती आणि चिमण्या टिपणं हा त्याचा खेळ होता. मारलेली चिमणी रीतसर हलाल करून खाल्ली जाई. साधारण १९०८ च्या सुमारास, दहा-बारा वर्षांचा असताना, त्यानं टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, जणू रश्शाचा डाग पडावा तसा. दिसायला चिमणीच, पण नेहमीची नव्हे. आता मुलाला पेच पडला. हा पक्षी आपल्याला खायला चालतो का? गुनाह तर होणार नाही? तो पक्षी घेऊन मामांकडे गेला.

मला इथे थांबावंसं वाटतं. भारतातल्या पक्षीशास्त्राच्या सर्वांत मोठ्या कारकिर्दीची सुरुवात हलाल-हरामच्या प्रश्नातून झाली. धर्मानं मुलाला एक सवय लावली होती, तोंडात घालण्याआधी हे काय आहे ते बघ. त्या सवयीमुळे त्यानं गळ्यावरचा डाग पाहिला. बाकीच्या मुलांनी तो कदाचित पाहिलाही नसता.

मामांनाही पक्षी ओळखता येईना. पण त्यांनी 'टाकून दे' असं म्हटलं नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सुरुवातीच्या काळातले भारतीय सभासद होते. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावानं चिठ्ठी दिली आणि मुलाला फोर्टात पाठवलं.

ही सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जणांनी स्थापन केली होती. त्यांतले सहा इंग्रज आणि दोन मराठी डॉक्टर. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, ज्यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन केला. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. पुढे सोसायटीची कचेरी फिप्सन आणि कंपनी या मद्याच्या पेढीच्या जागेत आली. मिलार्ड त्याच पेढीचे भागीदार. एक बोहरा मुलगा कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन बिचकत बिचकत मद्यविक्रेत्याच्या कचेरीत शिरतो, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा.

मिलार्ड साहेबांनी पक्षी लगेच ओळखला. पीतकंठी चिमणी, हिलाच रानचिमणी म्हणतात. पण नुसतं नाव सांगून त्यांनी मुलाला वाटेला लावलं नाही. त्यांनी खण उघडले. आत पेंढा भरून ठेवलेले पक्षी ओळीनं मांडलेले होते. घरच्या चिमणीत आणि या चिमणीत काय फरक आहे ते त्यांनी दाखवलं. वाचायला पुस्तकं दिली. पक्ष्याची कातडी सोलून, पेंढा भरून नमुना कसा जपायचा, नोंद कशी ठेवायची हे तिथल्या किनिअर नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडून शिकण्याची सोय करून दिली. त्या दिवसापासून मुलाचं वेड बदललं. पक्षी पूर्वीसारखेच दिसत होते, पण आता प्रत्येकाला नाव होतं.

बंदुकीकडून शिडीकडे

याचा अर्थ सलीम अलींनी दुसऱ्या दिवशी बंदूक टाकली असा नाही. त्या काळचं पक्षीशास्त्र बंदुकीवरच चालायचं. पक्षी मारायचा, मोजायचा, कपाटात ठेवायचा. तशी परंपरा आपल्याकडेही जुनीच होती. बाबरनं आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या प्राण्या-पक्ष्यांची बारकाईनं वर्णनं लिहिली. जहांगीरनं लैला आणि मजनू नावाची सारस क्रौंचांची जोडी पाळली आणि त्यांच्या अंडी उबवण्याच्या नोंदी ठेवल्या. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरनं काढलेली पक्ष्यांची चित्रं आजही अभ्यासली जातात. आणि हाच जहांगीर मोठा शिकारीही होता. मारणं आणि पाहणं या दोन गोष्टी तेव्हा एकाच हातात होत्या.

सलीम अलींच्या हातात त्या वेगळ्या झाल्या, आणि तेही बेकारीच्या दिवसांत. तरुणपणी ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणीच्या व्यवसायात गेले होते. तिथं धंद्यापेक्षा रानातच जास्त रमले. परत आल्यावर झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तहमिना बेगमशी लग्न झालं. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली, महिना ३५० रुपये पगाराची. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान या पक्षीशास्त्रज्ञाकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. परदेशात शिकून आलेला माणूस घरी बसला.

पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. समुद्राकाठचं गाव, आजूबाजूला झाडी. पावसाळ्यात तिथं सुगरणींनी खोपे बांधायला सुरुवात केली. सलीम अलींनी उंच शिडीवर कापडाचा आडोसा केला आणि त्यात बसून ते रोज तासन् तास बघत राहिले. हातात बंदूक नव्हती, वही होती.

सुगरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे कुणी पाहिले नाहीत? बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता आम्ही वर्गात शिकवतो. चिंचवडमधलं महापालिकेचं प्राणिसंग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे. खोप्यात मातीचे गोळे लावून त्यांवर काजवे चिकटवते आणि रात्री उजेड करते, अशीही लोकांत समजूत आहे. पण शिडीवरून सलीम अलींना जे दिसलं ते कुणी नीट लिहून ठेवलं नव्हतं. खोपा बांधतो तो नर. गवताच्या, भाताच्या पातीच्या बारीक पट्ट्या काढून तो अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून तपासतात. पसंत पडला तर मादी तिथं राहते आणि नर नळीसारखं दार विणून खोपा पुरा करतो. ती अंडी घालते, पिलं वाढवते, आणि नर दुसरा खोपा बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत खोपे तसेच अर्धे लोंबत राहतात. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि त्यांचं नाव झालं.

मी दोन भाषा शिकवते म्हणून यातली एक गंमत मुलांना नेहमी सांगते. उर्दूत हा पक्षी 'बया', पुल्लिंगी. मराठीत 'सुगरण', स्त्रीलिंगी. मराठीनं घर नीट ठेवणारी बाई पाहिली आणि तिचं नाव पक्ष्याला दिलं. यात वाईट काही नाही, कविता त्यातूनच होते. पण पक्षी वाचवायचा असेल तर तो खरोखर काय करतो हे माहीत असावं लागतं. अर्धवट खोपा पडका समजून कुणी झाड तोडलं, तर तो खोपा नराचा मांडलेला प्रस्ताव होता हे त्याला कधीच कळणार नाही.

पुढचं बरंचसं आपल्याला ठाऊक असतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पक्षी-पाहणी, ज्यात तेव्हाचा आपला मराठवाडाही होता. १९३९ मध्ये तहमिना बेगमचं अकाली निधन. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं गाजलेलं पुस्तक. डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेले दहा खंड. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. २० जून १९८७ रोजी मुंबईत निधन.

कायदा कुणी घडवला

सलीम अलींचं नाव निदान सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तरी येतं. हुमायून अब्दुलअली हे नाव मात्र आपल्याच लोकांना माहीत नसतं. १९१४ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात जन्मलेले, मुंबईत वाढलेले, सलीम अलींचे नात्यातले. तरुणपणी त्यांनी शिकारीही केल्या. स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद मायदेशी निघून गेले तेव्हा सोसायटी सांभाळणाऱ्यांत ते होते आणि मानद सचिव झाले.

त्या वेळी मुंबई राज्यात १९५१ चा वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायदा झाला. तो घडवण्यात अब्दुलअलींचा मोठा वाटा होता. शिकारीला हंगाम आणि परवाना, काही प्राण्या-पक्ष्यांना संरक्षण, अभयारण्यांची तरतूद असं सगळं एका जागी आलं. पुढे १९७२ मध्ये देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा मुंबईच्या या कायद्याचा नमुना समोर होता. पनवेलजवळचं कर्नाळा पक्षी अभयारण्य आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान यांच्या उभारणीतही त्यांचे प्रयत्न होते.

त्यांचं आणखी एक काम मला फार आवडतं, ते बेडकांचं. आपल्याकडून बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांसाठी हजारो टनांनी जात होत्या. अब्दुलअलींनी बेडकांच्या पोटात काय सापडतं ते तपासलं. शेताचं नुकसान करणारे किडे आणि खेकडे सापडले. बेडूक मारून आपण शेतकऱ्याचा फुकटचा राखणदार विकतो आहोत, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. १९८७ मध्ये सरकारनं ही निर्यात बंद केली. बेडकाबद्दल कुणाला माया वाटत नाही. तो वाचला तो कुणाच्या प्रेमामुळे नाही, तर कुणीतरी त्याच्याबद्दल नीट माहिती काढली म्हणून.

याच गोतावळ्यात जफर फतेहअली आणि त्यांच्या पत्नी लईक फतेहअली होते. जफरभाईंनी पक्षी पाहणाऱ्या हौशी लोकांसाठी अनेक वर्षं एक साधं वार्तापत्र चालवलं. देशभरातल्या शिक्षकांनी, कारकुनांनी, डॉक्टरांनी आपल्या अंगणातल्या नोंदी त्यात पाठवल्या. लईकबाई सलीम अलींची भाची. त्यांनी मामांसोबत सर्वसामान्य वाचकांसाठी सोपं पुस्तक लिहिलं.

जाळं टाकणारा शिक्षक

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळे श्रीमंत घरचे. मामांची चिठ्ठी होती म्हणून साहेबांचं दार उघडलं. भंगाराच्या दुकानावर बसणाऱ्या माणसाच्या मुलाला कोण चिठ्ठी देणार? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. माझ्या वर्गातही तोच प्रश्न असतो.

म्हणून अली हुसैन यांची गोष्ट सांगते. बिहारमध्ये मीरशिकार नावाचा मुस्लिम समाज आहे. पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडणं हाच त्यांचा पेशा. १९६० च्या आसपास सलीम अलींच्या देखरेखीखाली सोसायटीनं स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम भरतपूरला सुरू केलं. कडी घालायची तर पक्षी जिवंत, पंख न दुखावता हातात यायला हवा. हे कसब विद्यापीठात शिकवत नाहीत. ते मीरशिकारांकडे होतं. अली हुसैन सोसायटीकडे आले आणि आयुष्यभर तिथलेच झाले. कोणता पक्षी कोणत्या वेळी कुठं उतरेल, कोणता आवाज काढला की जवळ येईल, कोणतं जाळं कसं पसरायचं, हे सगळं त्यांच्या अंगात होतं. पदव्या घेतलेल्या संशोधकांनी त्यांच्याकडून धडे घेतले. ज्या हातांनी बाजारासाठी पक्षी धरले जात, त्याच हातांनी पक्षी धरून, कडी घालून, पुन्हा सोडून दिले.

याचा अर्थ मी असा लावते. ज्याला पक्षी टिपता येतो त्याला पक्षी कुठं बसतो, कधी खाली उतरतो, कशानं बिचकतो हे आधीच माहीत असतं. निम्मा अभ्यास त्यानं केलेलाच असतो. माझ्यासमोर गलोल घेऊन उभा राहिलेला तो मुलगा वर्गातला एकमेव पक्षीनिरीक्षक होता. आणि मी त्याला हात धुवायला पाठवलं.

चाकणचा पोटखराबा

आपल्या भागाचा इतिहास आपण कारखान्यांपासून मोजतो. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, नव्वदच्या दशकानंतर चाकणला मोटारींचे कारखाने आले. आमच्या घरांच्या चुली त्यावरच पेटल्या, त्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण कारखान्यांच्या आधी इथं काय होतं असं विचारलं तर उत्तर येतं, "काही नव्हतं, नुसता माळ."

सातबाऱ्यावर लागवडीला न येणाऱ्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. कागदावर खराब, म्हणजे कुणाच्याच कामाची नाही. पण पुणे जिल्ह्याच्या या कोरड्या पट्ट्यात माळ हेच मूळचं रान आहे. टिटवी, चंडोल, धाविक, तित्तर, लावा, खाटीक, कापशी घार, मुनिया या सगळ्यांना झाडं नकोत, गवत हवं. लांडगा आणि चिंकारा माळाचेच. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते चिंकाऱ्यासाठीच राखलेलं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण तिथं पोटखराब्याचं मोल डोळ्यांना दिसतं. माळावर खड्डे खणून ओळीनं रोपं लावली की आपल्याला पर्यावरण दिनाचं पुण्य मिळाल्यासारखं वाटतं. चंडोलाचं मात्र घर जातं.

सलीम अलींना हे पक्कं ठाऊक होतं. राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी माळढोकाचं नाव पुढे केलं होतं. मोराला लोक तसेही जपतात, माळढोकाकडे लक्ष गेलं तर तो आणि त्याचा माळ दोन्ही वाचतील, असा त्यामागचा विचार होता. १९६३ मध्ये मोर ठरला. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी अभयारण्य झालं खरं, पण आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते.

आणि तो चाकणचा बिबट्या? कारखान्यात शिरलेल्या बिबट्याला काही तासांनी भुलीचं इंजेक्शन देऊन पकडण्यात आलं. जुन्नरच्या माणिकडोहला बिबट्यांसाठी केंद्र आहे, त्यांची माणसं वन विभागाच्या मदतीला होती. ना कुणी मेलं, ना बिबट्या मारला गेला. शंभर वर्षांपूर्वी असा बिबट्या मारणाऱ्याचा फोटो छापला गेला असता, एक पाय त्याच्या अंगावर ठेवलेला. मधल्या काळात काय बदललं? कायदा बदलला. आणि तो बदलायला लावणाऱ्यांत कोण होतं, ते वर लिहिलंच आहे.

आपल्याबद्दल दोन गैरसमज आहेत. एक बाहेरच्यांचा, की मुसलमानांचा जनावरांशी संबंध फक्त ताटापुरता. दुसरा आपला स्वतःचा, की पक्षी-प्राणी वाचवणं हा कॅमेरेवाल्या लोकांचा शौक आहे, आपल्याला पोटापाण्याचे प्रश्न थोडे का आहेत! दोन्हींना वरचा इतिहास उत्तर देतो. हरमच्या हद्दीत शिकारीला आणि झाड तोडायला मनाई आहे, हे हजला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. ज्या किताबात मधमाशी, मुंगी, कोळी आणि हत्ती यांच्या नावानं सूरे आहेत, ती रोज वाचणाऱ्यांनी मुंगी-पाखरांशी आपला काय संबंध असं म्हणू नये.

आता पक्षी सप्ताहात मी चित्रकला स्पर्धा घेत नाही. एक दोनशे पानी वही केली आहे. मुलं त्यात पाहिलेला पक्षी, जागा, तारीख आणि घरात त्याला काय म्हणतात ते लिहितात. एकाच पक्ष्याची मराठी, उर्दू आणि नानी-दादीच्या बोलीतली नावं शेजारी शेजारी येतात. अबाबीलवर आमचा एक तास गेला. कुरआनात त्या शब्दाचा अर्थ थवेच्या थवे असा आहे, उर्दूत तेच एका पक्ष्याचं नाव झालं, मराठीतली पाकोळी त्याच्या जवळची. मुलांनी मशिदीच्या छपराखालची पाकोळ्यांची घरटी मोजली. मुअज्जिन साहेब पहिल्यांदा वैतागले. नंतर त्यांनीच सांगितलं, रंगकाम पिलं उडाल्यावर करू.

गलोलवाला मुलगा दहावी करून चाकणला लागला. परवा भोसरीच्या स्टॉपवर भेटला, कंपनीचा ड्रेस, गळ्यात ओळखपत्र. अदबीनं सलाम केला. मी त्याला त्या पक्ष्याबद्दल विचारलं. त्याला काही आठवत नव्हतं. "बचपन में बहुत मारे होंगे मिस," म्हणाला आणि हसला. मी सांगितलं, आता ते कायद्यानं गुन्हा आहे. तो म्हणाला, आता टाइम कुठे आहे. मग बस यायच्या आत त्यानं आपणहून सांगितलं की, कंपनीच्या भिंतीपलीकडे नाल्यावरच्या बाभळीला खूप खोपे आहेत, काही अर्धेच सोडलेले. मी त्याला ते अर्धे का असतात ते सांगितलं. बस आली, तो चढला.

शाळेमागचा तो माळ आता राहिला नाही, तिथं पत्र्याच्या शेड आहेत. त्या दिवशीचा पक्षी कोणता होता, हे मला सांगता येत नाही. मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्याच्या गळ्यावर एखादा पिवळा डाग होता की नाही, कोण जाणे.

तुमच्याकडे कुणी मूल असं काही हातात घेऊन आलं तर ओरडायला नंतरही वेळ मिळेल. आधी बघा, तो पक्षी कोणता आहे. आणि नाव माहीत नसेल तर त्या मुलाला सोबत घेऊन शोधायला बसा.